खालच्या लीगचा कॅचर

ग्लेनने पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा तो हातात घ्यावा की नाही, तेच मला कळेना. उजव्या हाताची बोटं चार दिशांना चार. करंगळी बाहेर फाकलेली, मधलं बोट पेरापाशी वाकडं झालेलं, अंगठ्याला तर आकारच नव्हता. माझा चेहरा बघून तोच म्हणाला, "घाबरू नकोस. दुखत नाही. दुखायचं ते सगळं केव्हाच दुखून झालंय."

दोन हजार पंधरा साली आम्ही देश सोडून सस्काटूनला आलो. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, पोटॅशच्या खाणीच्या ऑफिसात नोकरी लागली होती आणि मी एका ग्रोसरीच्या बेकरी सेक्शनमध्ये काम धरलं होतं. ग्लेन आणि त्याची बायको लॉरा आमच्या शेजारच्या घरात राहत. वयाने तो माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. सुरुवातीला मी त्याला 'सर' म्हणून पाहिलं, तर मागे कोण आलंय ते तो वळून बघायला लागला. घरात आम्ही त्याला ग्लेनकाका म्हणायचो, तोंडावर नुसतं ग्लेन. आता लिहितानाही 'ते' म्हटलं की दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटतं. म्हणून 'तो'च म्हणते.

ओळख झाली ती टायरवरून. तो तेव्हा एका टायरच्या दुकानाची डिलिव्हरी व्हॅन चालवायचा. ऑक्टोबर लागला तरी आमच्या गाडीला उन्हाळ्याचेच, बर्फावर घसरणारे टायर बघून तो ड्राइव्ह-वेमध्ये येऊन उभा राहिला.

"या टायरवर तू जानेवारीत कामाला जाणार?"

"सगळे सीझन चालतात म्हणाले विकणारे."

"विकणारा फ्लोरिडाचा असेल," तो म्हणाला, आणि शनिवारी सकाळी जॅक घेऊन हजर झाला. त्याला गुडघे वाकवता येत नसत. त्याने एक रिकामी बादली उपडी घातली, तिच्यावर बसला आणि चारही टायर बदलले. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बादली पायाने सरकवत नेई. जिना उतरायचा तोही उलटा, पाठमोरा, कठड्याला धरून. बेसमेंटमध्ये चाललेला ग्लेन आपल्याकडे तोंड करून हळूहळू जमिनीत शिरतोय असं वाटे, आणि मान तेवढी दिसायची राहिली की तो हमखास म्हणे, "गुड बाय, क्रूएल वर्ल्ड!" लॉरा दर वेळी हसायची. इतक्या वर्षांनी त्याच विनोदाला हसणारी बायको मी दुसरी पाहिलेली नाही.

ग्लेन बेसबॉल खेळायचा. हौसेने नव्हे, पोटासाठी. उमेदीची सगळी वर्षं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. श्रीकांतने समजावलं, कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समज. फक्त हा बॅट्समनच्या पाठीला लागून उकिडवा बसलेला, तोंडावर जाळीचा मुखवटा. बॅटला ओझरता लागलेला बॉल पहिला त्याच्या बोटांवर येतो, नाहीतर गळ्यावर, नाहीतर तोंडावर. असा ग्लेन जन्मभर उकिडवा बसला होता, आणि थोडे दिवस सोडले तर सगळाच काळ खालच्या लीगमध्ये.

टीव्हीवर दिसते ती वरची लीग. तिच्याखाली लहान लहान गावांच्या टीम. वरचे लोक आपली पोरं तिथे पिकत घालतात आणि पिकलेलं उचलून नेतात. 'वर गेला' हा त्यांचा रोजचा शब्द. ग्लेन जुन्या दोस्तांची नावं घ्यायचा आणि म्हणायचा, हा वर गेला, तोही वर गेला. मी मनातल्या मनात मराठी करत असल्यामुळे प्रत्येकासाठी क्षणभर हळहळायचे. एकदा त्याला हे सांगितलं. तो इतका हसला की ठसका लागला.

"तुमची भाषा बरोबर आहे," म्हणाला. "वर गेलेला कुणी परत फोन करत नाही."

कुठल्याही गावाचं नाव काढा, तिथली लॉन्ड्री कशी होती ते तो सांगायचा. इथली मशीन नाणी खायची, तिथली मालकीण फाटके मोजे शिवून द्यायची. गावाचं तेवढंच त्याच्या लक्षात. बाकीचं आयुष्य बसमध्ये. टीम त्याला विकत, बदलत, उसना देत. एकदा मॅच संपल्यावर तो आपल्या बसमध्ये चढायला लागला तर ड्रायव्हर म्हणाला, "तुझी बॅग यात नाहीये, समोरच्या बसमध्ये आहे." समोरची बस ज्यांच्याविरुद्ध तो नुकताच खेळला होता त्यांची. मॅच चालू असताना याचा सौदा झाला होता आणि सांगायचं राहून गेलं होतं. ग्लेन पार्किंग लॉट ओलांडून त्या बसमध्ये जाऊन बसला. शेजारी बसला होता तो ज्याला त्याने तासाभरापूर्वी आऊट केलं होतं, तोच खेळाडू.

"मग काय केलंस?" श्रीकांतने विचारलं.

"सॉरी म्हणालो. त्याने अर्धं सँडविच दिलं."

त्याच्या गोष्टी अशा असायच्या. 

आम्ही आलो त्याच वर्षी टोरोंटोची टीम बऱ्याच काळाने प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांना, पोचली होती आणि बेकरीत टीमच्या रंगाचे, निळ्या आयसिंगचे केक पुरेनात. एका संध्याकाळी ग्लेनने आम्हाला मॅच बघायला बोलावलं. मॅच सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर तीन-चार सुटातले माजी खेळाडू गप्पा मारत बसले होते. त्यातला एक दिसताच लॉरा म्हणाली, "ग्लेन, बघ, तुझा पोरगा!" तो मोठा नावाजलेला पिचर, म्हणजे आपला बोलर. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना ग्लेनच्या हाताखाली आला होता. बसच्या मागच्या सीटवर रडायचा, बॉल टाकला की कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. ग्लेनने दोन उन्हाळे त्याच्यासमोर बसून त्याला घडवला, आणि तो वर गेला.

टीव्हीवरच्या बाईने त्याला विचारलं, तुला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं? तो खुर्चीत मागे रेलला. "खाली असताना आमच्याकडे एक म्हातारा कॅचर होता," म्हणाला. "मी वाईट बॉल टाकला की तो उठून यायचा आणि बेसबॉल सोडून कशावरही बोलायचा. जेवण, हवा, त्याची बायको. भला माणूस. नाव... बघा, जिभेवर आहे." आणि हसला. बाकीचेही हसले. मग जाहिराती लागल्या.

लॉराने चिप्सचा बाऊल उचलला, परत तिथेच ठेवला.

"बरोबर आहे त्याचं," ग्लेन म्हणाला. "म्हाताराच होतो मी. एकतीस वर्षांचा." आणि मॅच सुरू झाल्यावर त्याने आम्हाला अगदी मनापासून एकेक बॉल समजावून सांगितला.

डोक्याला लागण्याबद्दल तो एकच किस्सा सांगायचा, सगळ्या बार्बेक्यूंना. मुखवट्यावर बॉल बसला की ट्रेनर धावत यायचा आणि तोंडासमोर बोटं धरून विचारायचा, किती? हा बरोबर उत्तर द्यायचा आणि परत बसायचा. "त्याचं गुपित सांगू? तो गाढव नेहमी दोनच बोटं दाखवायचा. मी डोळे मिटूनसुद्धा 'दोन' म्हणायचो." सगळे पोट धरून हसायचे. मीही हसले आहे.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळींची टेनिस बॉलची मॅच होती आणि विकेटकीपर ऐन वेळी आला नाही. श्रीकांत ग्लेनला घेऊन आला. "उकिडवा बसणार नाही," ग्लेनने आधीच सांगून टाकलं, "उभ्याने जमेल तेवढं." उभ्याने त्याने जे केलं ते अजून आमच्या मंडळात सांगतात. बॅटची कड लागून उडालेला झेल त्याने बाजूला झेपावून एका हाताने, त्या मोडक्या हाताने, घेतला. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तो लहान मुलासारखा लाल झाला होता.

मॅच संपली, आम्ही पोहे वाढत होतो आणि ग्लेन दिसेना. श्रीकांतला तो पार्किंगमध्ये सापडला. बॅग खांद्याला लावून गाड्यांच्या रांगांमधून फिरत होता.

"बस कुठे लावलीय?" त्याने विचारलं.

"कुठली बस?"

"टीमची. निघाले असतील ते. मला न घेता निघाले असतील."

श्रीकांतला वाटलं गंमत करतोय. मग त्याने ग्लेनचे डोळे पाहिले. घरी आणताना गाडीत ग्लेन खिडकीबाहेर बघत होता. आमची गल्ली आल्यावर एकदम म्हणाला, "लॉराला सांगू नकोस." पण लॉराला आमच्या कितीतरी आधीच माहीत होतं.

त्यानंतरचं सांगणं जिवावर येतं. व्हॅनमधले टायर भलत्या गावी उतरवू लागला म्हणून दुकानवाल्यांनी त्याला घरी बसवलं; मोठ्या मनाचे लोक, निरोपाला केकही आणला. लॉरा त्याला स्पेशालिस्टकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? ग्लेन जरा थांबला आणि ठामपणे म्हणाला, "दोन." हे सांगताना लॉरा माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. मी तिच्यासाठी चहा टाकला होता, तो उतू गेला.

"त्याला बॉल लागला की अख्खं स्टेडियम गप्प व्हायचं," ती म्हणाली. "मग तो उठून उभा राहायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. सगळ्यात जोरात मी. इतकी वर्षं मी टाळ्या वाजवल्या."

मी शेगडी पुसली आणि परत आधण ठेवलं.

मधूनच त्याला स्वच्छ दिवस येत. अशाच एका सप्टेंबरच्या दुपारी मी अंगणातली पानं गोळा करत होते आणि तो कुंपणापाशी खुर्ची टाकून बसला होता. काही विचारलं नसताना बोलायला लागला.

"मी चांगला खेळाडू नव्हतो, हे मला कधी कळलं माहितेय? पहिल्याच उन्हाळ्यात. एक पोरगा आला, माझ्याहून लहान. त्याने बॉल मारला त्याचा आवाज ऐकला आणि मला कळलं. माझ्या बॅटमधून तसा आवाज कधीच येणार नव्हता."

"मग सोडलं का नाही?"

"थांब असं कुणी म्हणेना. दर वर्षी बोलवायचे. सांगायचे, ग्लेन, तू पोरांसाठी गुड इन्फ्लुएन्स आहेस. कुणी असं म्हणालं ना, तर समजायचं, तुझं खेळणं संपलंय आणि तुझी वागणूक त्यांना हवीय." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "लॉराला दर उन्हाळ्यात नवीन गाव. मुलीला नवीन शाळा. मी दोघींना म्हणायचो, पुढच्या वर्षी वर जाऊ. मला माहीत होतं जाणार नाही. त्यांनाही माहीत होतं. तिघंही म्हणायचो."

मला वाटलं, रडेल. रडला नाही. खुर्चीतून उठला, माझ्या हातातला पानं ओढायचा पंजा घेतला आणि अंगण अर्ध्यापर्यंत साफ केलं. मग पंजा तिथेच टाकून आत गेला. संध्याकाळी भेटला तेव्हा त्याने मला विचारलं, तुम्ही इथे नवीन राहायला आलात का?

त्या हिवाळ्यात तो पहाटे उठून, शर्टावरच, फुटपाथवर बसची वाट बघत उभा राहू लागला. पारा उणे तिसाच्याही खाली असे. सकाळच्या शिफ्टला निघताना मी त्याला दोनदा आत आणून सोडलं. लॉराने दाराला वरून कडी बसवली. तो चिडू लागला. चिडणारा ग्लेन आम्ही पाहिलाच नव्हता. दाराची काच फुटली, एक कपाट मोडलं. फेब्रुवारीत लॉरा हाताला प्लॅस्टर घालून आमच्या दारात आली. त्याने तिला ढकललं होतं, मनगट मोडलं होतं.

मी काही बोलायच्या आत तिनेच हात वर केला. "तो मला ढकलत नव्हता. मी किचनमध्ये घाईने आले, काहीतरी करपत होतं. तो दारात उभा होता. समोरून धावत येणाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही, हेच कॅचरचं काम. त्याने रनरला अडवलं." ती खाली बसली. "आणि मग मला जमिनीवर बघून त्याने विचारलं, सेफ की आऊट?"

मुलगी दूर पश्चिम किनाऱ्याकडे, कोक्विटलामला राहते. तिने तिथे जवळच एक केअर होम शोधलं. घर विकायला काढलं. सामान बांधायला मी जात असे. भिंतींवर काढायला काही नव्हतंच; भाड्याच्या खोल्यांत राहून राहून त्यांना खिळे ठोकायची सवयच लागली नव्हती. एका दुपारी खोकी बांधता बांधता मी विचारलं, तो वर कधीच गेला नाही का?

"गेला होता की," लॉरा म्हणाली. "एकदा. काही आठवडे."

वरच्या टीमचा कॅचर जखमी झाला आणि ग्लेनला विमानाने नेलं. बहुतेक दिवस तो नुसता बसून होता. एकच मॅच खेळला. मुलीला कांजिण्या आल्या होत्या म्हणून लॉराला जाता आलं नाही. टीव्हीवर ती मॅच त्यांच्या गावात दाखवत नव्हते. परत आल्यावर तिने विचारलं, कसं होतं? तो म्हणाला, सांगतो. नीट बसून सांगतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बस होती. मग पुढच्या आठवड्यात, मग हिवाळ्यात. काही वर्षांनी ती विचारायची थांबली. तिला वाटलं, काहीतरी दुखत असेल, म्हातारपणी सांगेल.

"त्या मॅचचे आकडे मिळतात," ती म्हणाली. "कुणीही शोधून काढेल. मला आकडे नको होते. आत गेल्यावर त्याला काय वाटलं, गवत कसं होतं, लोक किती होते, तो घाबरला होता का... गेल्या महिन्यात मी शेवटचं विचारलं. तो म्हणाला, मी बेसबॉल खेळायचो?" तिने खोक्यावर टेप ओढला आणि दाताने तोडला, एका हाताने दुसरं काही जमत नव्हतं. "तो दिवस आता कुणाकडेच नाही."

ते गेले तो दिवस मे महिन्यातला, दोन हजार एकोणीसचा. श्रीकांतने आणि मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. ग्लेनला लॉराने निळा शर्ट घातला होता, दाढी करून दिली होती. तो देखणा दिसत होता. रस्ताभर तो खुशीत होता, का ते त्याचं त्यालाच ठाऊक. सिक्युरिटीच्या दारापाशी लॉराने मला मिठी मारली. ग्लेनने अदबीने "प्लेझर" असं म्हटलं, जसं कुणी नुकतीच ओळख करून दिल्यावर म्हणतात.

दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. लॉरा आधी पलीकडे गेली, कारण तिला त्याला समोरून बोलवायचं होतं. गार्डने ग्लेनला पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितला. तो त्याने ठेवला. पँट एका हाताने धरून तो मेटल डिटेक्टरच्या चौकटीसमोर उभा राहिला. पलीकडून लॉरा हात हलवत होती, ये, ग्लेन, इकडे ये. त्याने तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं काही त्याच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. मग त्याने मागे वळून पाहिलं. मागे एक तरुण बाई होती, कडेवर मूल घेतलेली. ग्लेन बाजूला झाला आणि मोकळ्या हाताने तिला वाट दाखवली. ती गेली. मागून एक म्हातारा आला, त्यालाही त्याने जाऊ दिलं. मग एक पोरगा, मग एक जोडपं. गार्ड म्हणाला, "सर, तुमचा नंबर आहे." ग्लेनने हसून मान हलवली आणि पुढच्या माणसाला हाताने खूण केली.

लॉराने हात हलवायचा थांबवला होता. ती पलीकडे, त्याच्यासमोर, नुसती उभी होती. श्रीकांत म्हणाला, "चल, पार्किंगची वेळ संपतेय." मी अजून थोडा वेळ काचेपाशी थांबले. रांग लांब होती, आणि तो एकेकाला पुढे सोडत होता.